दोनशे चौदा व्हॉल्व्ह आणि एक चुकीची पट्टी

नवी मुंबईतल्या एका १२६ खोल्यांच्या हॉटेलात मी देखभाल विभागात सहायक अभियंता म्हणून काम करते. तळघरातल्या बॉयलर-घरातून लाँड्री, स्वयंपाकघर आणि खोल्यांचे गरम पाणी इथपर्यंत गेलेल्या पाइपांना नावे आणि त्यांवरच्या व्हॉल्व्हना क्रमांक देण्याचे काम मी जानेवारी २०२४ मध्ये हाती घेतले आणि ते त्याच वर्षीच्या सप्टेंबरात संपले. आठवडाभरात होईल, असे मी सुरुवातीला साहेबांना छातीठोकपणे सांगितले होते. हे काम पुढे ज्यांच्या वाट्याला येईल, त्यांनी निदान माझ्या चुका तरी पुन्हा करू नयेत, म्हणून जे घडले ते क्रमाने लिहिते आहे.

खरे तर याची सुरुवात ११ डिसेंबर २०२३ च्या रात्री झाली. लाँड्रीकडे जाणाऱ्या वाफेच्या व्हॉल्व्हच्या पुढे एका ग्लँडमधून (दांड्याभोवतीच्या सीलमधून) वाफ गळू लागली. पाळीवर असलेला बॉयलर अटेंडंट नवा होता आणि आमचे ज्येष्ठ अटेंडंट, ज्यांना सगळे हॉटेल ‘काका’ म्हणते, ते भाचीच्या लग्नासाठी चिपळूणला गेले होते. त्याने काकांना फोन लावला. काका म्हणाले, “पांढऱ्या खांबापासून दुसरा, ज्याला मी सुतळी बांधली आहे, तो बंद कर.” दिवाळीपूर्वी झालेल्या रंगकामात रंगाऱ्याने ती सुतळी कापून टाकली होती, हे काकांना ठाऊक नव्हते. खांबापासून दुसरा म्हणजे डावीकडून की उजवीकडून, हा प्रश्न रात्री अडीच वाजता कोणालाही सुचला नाही. मुलाने शेजारचा व्हॉल्व्ह बंद केला, आणि वाफेचा दाब उतरायला वेळ लागत असेल असे समजून तो ग्लँडखाली बादली लावून बसला. बंद झाला होता तो कॅलोरिफायरकडे, म्हणजे वाफेने पाणी तापवणाऱ्या टाक्यांकडे, जाणारा व्हॉल्व्ह. आमच्या दोन कॅलोरिफायरमध्ये प्रत्येकी तीन हजार लिटर गरम पाणी साठलेले असते, त्यामुळे चूक लगेच कळली नाही. पहाटे पाहुणे अंघोळीला उठले, साठा उपसला गेला आणि सव्वासहापासून स्वागतकक्षाचा फोन खणखणू लागला. कोणाला भाजले नाही, हे नशीब. पण सात किलो दाबाची वाफ साधारण १७० अंश सेल्सिअसला असते, आणि त्या रात्री कोणी चुकीच्या समजुतीवर फ्लँज (पाइपांचा बोल्टचा सांधा) सोडायला घेतली असती तर काय झाले असते, या विचाराने मला पुढचे दोन दिवस नीट झोप लागली नाही.

१८ जानेवारीला वार्षिक सुरक्षा तपासणी झाली. अहवालात इतर बाबींबरोबर एक ओळ होती: बॉयलर-घर व उष्णजल यंत्रणेतील वाहिन्या आणि व्हॉल्व्ह यांवर ओळखचिन्हे नाहीत, सहा महिन्यांत पूर्तता करावी. साहेबांनी अहवाल माझ्या टेबलावर ठेवला आणि विचारले, “किती व्हॉल्व्ह असतील?” मी अंदाजाने नव्वद म्हणाले. जाता जाता त्यांनी हेही सांगितले की काका ३१ ऑगस्टला निवृत्त होत आहेत. त्या क्षणी मला हे काम स्टिकर चिकटवण्याचे वाटत होते, त्यामुळे या दोन गोष्टींचा परस्परसंबंध माझ्या ध्यानात आला नाही.

पहिले पंधरा दिवस वाचनात गेले. आपल्याकडे वाहिन्यांच्या रंगसंकेतासाठी आयएस २३७९ हे भारतीय मानक आहे. भारतीय मानक ब्युरोच्या संकेतस्थळावर नोंदणी केली की ते मिळते. त्यात प्रत्येक पदार्थाला एक मूळ रंग दिलेला आहे: पाण्याला समुद्री हिरवा, हवेला आकाशी, वायूंना कॅनरी पिवळा, तेलांना फिकट तपकिरी आणि वाफेला ॲल्युमिनियमचा रंग. मूळ रंगावर वेगळ्या रंगाचे पट्टे मारून त्या पाण्याचा किंवा वायूचा नेमका प्रकार सांगायचा, अशी पद्धत आहे. आमच्या हॉटेलसमूहाच्या नियमपुस्तिकेत मात्र एएसएमई ए१३.१ या अमेरिकी मानकाचा उल्लेख होता. त्याची २००७ पासूनची रीत वेगळी आहे. तिथे रंग पदार्थाचा नसून धोक्याचा असतो, म्हणजे ज्वलनशीलाला पिवळ्यावर काळी अक्षरे, अग्निशमनाला लालवर पांढरी, इतर पाण्याला हिरव्यावर पांढरी, दाबाखालच्या हवेला निळ्यावर पांढरी. पाणी, हवा आणि गॅस या तिन्हींत दोन्ही मानकांचा बऱ्यापैकी मेळ बसतो, ही त्यातल्या त्यात सोय.

घोडे अडले ते वाफेपाशी. वाफेच्या पाइपला ॲल्युमिनियमचा रंग द्या, असे आपले मानक सांगते, आणि आमच्या तळघरात तर इन्सुलेशन केलेल्या एकूण एक पाइपवर ॲल्युमिनियमचा पत्रा गुंडाळलेला होता. वाफ, कंडेन्सेट (वाफ थंड होऊन झालेले पाणी), गरम पाण्याची जाणारी लाइन, परत येणारी लाइन, सगळे एकाच चंदेरी वेषात. मानक शब्दशः पाळले असते तर खोल्यांच्या अंघोळीचे पाणीसुद्धा वाफ ठरले असते. शेवटी आम्ही असे ठरवले की रंग भारतीय मानकाचे घ्यायचे, पण नुसत्या रंगावर विसंबायचे नाही; प्रत्येक पट्टीवर पदार्थाचे नाव, जिथे लागेल तिथे दाब किंवा तापमान, आणि प्रवाहाची दिशा दाखवणारा बाण असलाच पाहिजे. अक्षरांचे माप आणि पट्ट्यांमधले अंतर अमेरिकी मानकातून घ्यायचे. गॅसची लाइन आधीच पिवळी होती. तिच्या मीटरपर्यंतच्या भागाला हात लावायचा नाही, असेही ठरले.

भाषेवर अर्धा दिवस चर्चा झाली. नोंदवही इंग्रजीत असते, पण पाळीवरची मुले रत्नागिरी, लातूर, प्रतापगड, बालासोर अशा सगळ्या मुलखांतली आहेत. इंग्रजी आणि देवनागरी दोन्ही लिहायचे ठरल्यावर मी उत्साहाने शब्दकोश काढला आणि ‘बाष्प’, ‘संघनित जल’, ‘भरणजल’ अशी यादी करून काकांना दाखवली. काकांनी ती शांतपणे वाचली आणि म्हणाले, “ताई, हे वाचून कोणाला कळायचं नाही. वाफेला वाफ लिहा, कंडेन्सेटला कंडेन्सेट लिहा.” तसेच लिहिले. बॉयलरला पुरवल्या जाणाऱ्या पाण्याचे ‘फीड वॉटर’ही तसेच ठेवले. ‘परतीचे गरम पाणी’ हा एकच मराठी शब्दप्रयोग माझ्या यादीतून वाचला, कारण तो काका स्वतः वापरत.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात प्रत्यक्ष लाइन शोधायला सुरुवात केली. रात्री अकरानंतर लाँड्री आणि स्वयंपाकघर थंडावते, त्यामुळे आठवड्यातल्या दोन रात्री आम्ही त्यासाठी राखल्या. माझ्याकडे २००९ चा नकाशा होता. पहिल्याच रात्री कळले की २०१६ च्या नूतनीकरणात लाँड्री एका भिंतीपलीकडे सरकवली, तेव्हा निम्म्या लाइनचे मार्ग बदलले होते आणि नकाशात त्याचा मागमूस नव्हता. मग नकाशा बाजूला ठेवला. एक जण शिडीवर, एक जण खाली वही घेऊन, आणि पाइपवर हात ठेवल्यासारखे डोळ्याने त्याच्या मागे मागे जायचे. भिंतीत शिरला की पलीकडे जाऊन तो बाहेर कुठे येतो ते पाहायचे, आणि तोच आहे याची खात्री करायला अलीकडून पान्याने हलकेच ठोकायचे. प्रत्येक व्हॉल्व्हला कागदी मास्किंग टेप लावून त्यावर पेन्सिलीने तात्पुरता क्रमांक लिहायचा. हा मास्किंग टेपचा टप्पा कोणीही गाळू नये, कारण आमचे तात्पुरते क्रमांक तीनदा बदलले आणि पितळी बिल्ले आधीच ठोकून घेतले असते तर ते सगळे भंगारात गेले असते.

तीनदा बदलण्याचे कारणही सांगते. मी आधी दारापासून चालत जाताना जो व्हॉल्व्ह लागेल त्याला पुढचा क्रमांक दिला. कागदावर ते छान दिसले. काकांनी विचारले, उद्या पंचवीस आणि सव्वीसच्या मध्ये नवीन व्हॉल्व्ह बसवला तर त्याला काय म्हणणार? मग यंत्रणेनुसार अक्षर आणि प्रत्येक शाखेला स्वतंत्र शंभरी, अशी रचना केली: वाफेसाठी ‘एस’, हेडरवर (जिथून शाखा फुटतात त्या मुख्य पाइपवर) १०१ पासून, लाँड्रीला २०१ पासून, स्वयंपाकघराला ३०१ पासून, कॅलोरिफायरला ४०१ पासून, कंडेन्सेटला ‘सी’, गरम पाण्याला ‘एच’, फीड वॉटरला ‘एफ’. प्रत्येक शंभरीत पुढची जागा मोकळी राहते. एवढे ठरायला मार्च संपला.

या रात्रींमध्ये काकांनी जे सांगितले, ते कोणत्याही नकाशात नव्हते. स्वयंपाकघराच्या दाब कमी करणाऱ्या व्हॉल्व्हचा बायपास, म्हणजे त्याला वळसा घालणाऱ्या लाइनचा व्हॉल्व्ह, पूर्ण बंद होत नाही, त्याला अर्धा आटा (फेरा) जास्त लागतो. लाँड्रीची वाफ सोडताना आधी ट्रॅपशेजारचा (ट्रॅप म्हणजे वाफ अडवून साचलेले पाणी बाहेर सोडणारे साधन) ड्रेन उघडायचा, मुख्य व्हॉल्व्ह पाव आटा फिरवून थांबायचे, आणि ड्रेनमधून पाणी संपून कोरडी वाफ येऊ लागली की मगच पुढे जायचे. नाहीतर पाइपमध्ये साठलेले पाणी वाफेच्या वेगाने जाऊन बेंडवर हातोड्यासारखे आदळते. मी हे सगळे वहीत उतरवत होते आणि काका सांगताना थोडे अवघडत होते, जणू इतकी साधी गोष्ट लिहून कशाला घ्यायची. एप्रिलअखेर व्हॉल्व्हची संख्या २१४ झाली होती, आणि तीन पाइप असे सापडले की ते कुठेच जात नव्हते. त्यातले दोन गरम पाण्याच्या लाइनला जोडलेले होते. अशा बंद टोकांत पाणी कोमट होऊन साचून राहते आणि न्यूमोनियासारखा आजार करणाऱ्या लेजिओनेला जिवाणूला ते मानवते, म्हणून ती टोके कापून बंद करण्याचे वेगळे काम काढावे लागले.

खरेदीची कथा इथे समांतर चालू होती. नियमाप्रमाणे तीन कोटेशन मागवली. एका पुरवठादाराने पाहणीपासून चिकटवण्यापर्यंत सगळे मिळून २,८५,००० रुपये सांगितले. बाकी दोघे फक्त साहित्य देणार होते. पाइप कुठे जातो हे बाहेरच्या माणसालाही शेवटी काकांनाच विचारावे लागणार होते, म्हणून आम्ही फक्त साहित्य घ्यायचे ठरवले. मागणीपत्र संगणकात भरताना ‘पाइप लेबल’ असा प्रकारच सापडेना. मी ते ‘लेखनसाहित्या’त टाकले. नऊ दिवसांनी ते मुख्य कार्यालयातून परत आले, शेरा असा की देखभाल विभागाची वर्षाची लेखनसाहित्याची मर्यादा १८,००० रुपये आहे. मग ‘सुरक्षा साहित्य’ या सदरात, तपासणी अहवालाची प्रत आणि ११ डिसेंबरच्या घटनेची नोंद जोडून पुन्हा पाठवले. “स्टिकरसाठी एवढा खर्च कशासाठी?” असा एक प्रश्न आला, त्याला एका पानाचे उत्तर दिले, आणि एकूण तेवीस दिवसांनी मंजुरी मिळाली. ज्यांना हे करायचे आहे त्यांनी अहवालाचा क्रमांक पहिल्याच अर्जात लिहावा; निम्मा वेळ वाचेल.

नमुन्याच्या टप्प्यावर माझी एक चूक पकडली गेली, तीही पुरवठादाराच्या मुलाने. अक्षरांची उंची पाइपच्या बाहेरच्या व्यासावर ठरते, आणि मी ती यादीतल्या पाइपच्या मापावरून काढली होती. आमचा दोन इंची पाइप बाहेरून साठ मिलिमीटर असतो, पण त्यावर दोन्ही बाजूंनी चाळीस मिलिमीटर इन्सुलेशन चढले की तो एकशेचाळीस होतो, आणि त्याला मानकाप्रमाणे ३२ मिलिमीटर उंचीची अक्षरे लागतात. मी मागवलेली १९ मिलिमीटरची पट्टी त्या जाड पाइपवर लावून पाहिली, तेव्हा हत्तीच्या गळ्यात बोकडाची घंटा बांधल्यासारखी दिसली. यादी पुन्हा केली. सगळ्या पाइपांचा घेर टेपने मोजून घेतला, त्यात आणखी दोन रात्री गेल्या.

पितळी बिल्ल्यांसाठी मी स्वतः मुंबईत नागदेवी स्ट्रीटला गेले. वाशीहून हार्बर लाइनने मशिदीला उतरले की चालत जाता येते. फक्त दुपारी जाऊ नये, हातगाड्यांतून वाट काढता काढता जीव मेटाकुटीला येतो. अडतीस मिलिमीटर व्यासाचे २५० गोल बिल्ले, नगाला ३८ रुपये दराने, क्रमांक ठोकून. २१४ क्रमांकाचे आणि ३६ कोरे. क्रमांक रंगवलेला किंवा छापलेला घेऊ नये, ठोकलेलाच घ्यावा; वर रंगाचा हात बसला तरी बोटाने चाचपून वाचता येतो. करासह ११,२१० रुपये झाले. विनाइलच्या ३१० पट्ट्यांना करासह ६२,१८६ रुपये, स्टेनलेस स्टीलची तार आणि साखळ्या ४,३०० रुपये, आणि व्हॉल्व्ह-तक्त्याच्या ॲक्रिलिक चौकटींना ३,६०० रुपये. एकूण खर्च ८१,२९६ रुपये. आमच्या रात्रपाळ्यांचा हिशेब यात नाही.

बॉयलरच्या वार्षिक तपासणीसाठी तो थंड करून रिकामा करावा लागतो, आणि बॉयलरच्या माथ्यावरच्या व्हॉल्व्हपर्यंत हात पोहोचवण्याची हीच एक संधी असते. आम्ही २० मे पासून चार दिवसांचा बंद ठरवला, तोपर्यंत विजेच्या हीटरवर काम भागवायचे होते. २० मे रोजी ठाणे मतदारसंघात लोकसभेचे मतदान आहे, हे तारीख ठरवताना माझ्या लक्षातच आले नव्हते. कंत्राटदाराची सहापैकी चार मुले आली नाहीत. मी आणि काका सकाळी सातलाच आपापल्या केंद्रावर मत देऊन आलो आणि शाई लावलेल्या बोटांनी दिवसभर बिल्ले बांधले. बॉयलरवर काही लावताना उत्पादकाची पाटी, नोंदणी क्रमांक आणि पाण्याची पातळी दाखवणारी काचनळी झाकली जाणार नाही हे पाहावे. तपासणीसाठी येणारे निरीक्षक आधी तेच वाचतात. आमची तपासणी २२ तारखेला सुरळीत पार पडली.

बिल्ला कुठे बांधावा यावर वेगवेगळी मते आहेत. पुष्कळ ठिकाणी तो हातचाकाला लटकवतात. माझा अनुभव असा की हातचाक तुटले की मुले दुसऱ्या व्हॉल्व्हचे काढून बसवतात, आणि त्याच्याबरोबर क्रमांकही नव्या घरी राहायला जातो. आम्ही बिल्ले व्हॉल्व्हच्या धडाला, म्हणजे चाकाखालच्या दोन खांबांना, तारेने बांधले. पहिल्या वीसेक बिल्ल्यांना स्टोअरमधली साधी बांधणीची तार वापरली होती. जुलैपर्यंत ती गंजून तुटू लागली. तळघरात स्टीलशिवाय पर्याय नाही.

पट्ट्या जूनच्या पहिल्या आठवड्यात आल्या आणि पाठोपाठ पाऊस. तळघरातली हवा इतकी दमट झाली की भिंतींना घाम फुटायचा. पहिल्या चाळीस पट्ट्यांपैकी सतरा दहा दिवसांत सुटल्या. एक तर काकांच्या डब्यात पडली. दोष गोंदाचा नव्हता. पत्र्यावर कारखान्यातला तेलाचा पातळ थर आणि वरून आर्द्रता असते, फडक्याने पुसून तो जात नाही. त्यानंतर आम्ही प्रत्येक जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू दिली, पट्टी रबरी रूळाने दाबून बसवली, आणि दोन्ही टोकांना बाणांची टेप पाइपभोवती पूर्ण गुंडाळून स्वतःवरच चढवली. टेप टेपला घट्ट धरते, पत्र्याचा भरवसा राहत नाही. तशी लावलेली एकही पट्टी अजून सुटलेली नाही. उघड्या, इन्सुलेशन नसलेल्या वाफेच्या फ्लँजवर मात्र विनाइल लावण्याच्या फंदात पडू नये. ते आक्रसून करपते. तिथे धातूचा बिल्लाच हवा. डोक्यावरच्या पाइपवर पट्टी मध्यरेषेच्या खालच्या अंगाला लावायची, म्हणजे खाली उभ्या माणसाला वाचता येते. हे वाचून माहीत असूनही पहिल्या दिवशी आम्ही शिडीवर उभे राहून आपल्याला छान दिसतील अशा सात लावल्या.

अठरा जुलैची मुदत पाळता येणार नाही हे दिसत होते, म्हणून जुलैच्या पहिल्या आठवड्यात कामाची टक्केवारी आणि छायाचित्रे जोडून मुदतवाढीचे पत्र दिले. ३० सप्टेंबरपर्यंत वाढ मिळाली. आणि मग २३ जुलैला शीर्षकातली ती पट्टी समोर आली.

त्या दुपारी सहकाऱ्याला सॉफ्टनरकडून (पाणी मृदू करणाऱ्या यंत्राकडून) येणाऱ्या ‘मेकअप पाणी’, म्हणजे घटलेल्या पाण्याची भर घालणाऱ्या, लाइनवरची गाळणी साफ करायची होती. त्याने पट्टी वाचली, बाण पाहिला आणि व्हॉल्व्ह बंद केला. पट्टी मीच लावलेली होती. काका चहा घेऊन परत येताना सवयीने पाइपांवर हात फिरवत येत होते. एका ठिकाणी ते थांबले, उलट्या हाताने पुन्हा चाचपले आणि मला हाक मारली. “ताई, परतीचं पाणी गार पडतंय.” जो पाइप मी मेकअप पाण्याचा म्हणून लिहिला होता, तो वरच्या मजल्यांवरून फिरून येणाऱ्या गरम पाण्याचा होता. अभिसरण बंद पडून चाळीस मिनिटे झाली होती. कॅलोरिफायरमध्ये ६० अंशाला साठवलेले पाणी परत येताना ५० च्या खाली जाता कामा नये, हा आमचा नियम, आणि लांबच्या मजल्यांवर ते ४४ वर आले होते. पाहुण्यांची एकही तक्रार आली नाही. तरी मी त्या व्हॉल्व्हपाशी बराच वेळ उभी होते. डिसेंबरात त्या मुलाला निदान सांगता आले होते की पाटी नव्हती. माझ्या सहकाऱ्याने तर पाटी वाचून, नियमाने, चूक केली होती.

चूक कशी झाली हे शोधून काढले. तो पाइप छतातल्या खोक्यात शिरतो, तिथे डोळ्याने पाठपुरावा करता आला नाही, म्हणून मी इन्फ्रारेड तापमापक रोखला आणि ३६ अंश वाचून तो थंड पाण्याचा ठरवला. चकचकीत ॲल्युमिनियमवर हे उपकरण खोटे बोलते. असा पत्रा स्वतःची उष्णता फारच थोडी उत्सर्जित करतो आणि आजूबाजूची परावर्तित करतो, उपकरण ०.९५ उत्सर्जकता (पृष्ठभाग स्वतःची उष्णता किती बाहेर टाकतो याचे माप) गृहीत धरून चालते, त्यामुळे ते पाइपचे नव्हे तर बहुतांशी खोलीचेच तापमान दाखवत होते. उपाय चार आण्याचा आहे: पत्र्यावर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवायचा, दोन मिनिटे थांबायचे आणि त्या टेपवर रोखायचे. त्यातही इन्सुलेशनच्या वरून कळते ते वरचेच तापमान, म्हणून शक्यतो उघडा सांधा किंवा व्हॉल्व्हचे धड शोधावे. वहीत पाहिले तर एकूण ४१ पट्ट्या मी अशा नुसत्या तापमापकाच्या भरवशावर लिहिल्या होत्या. पुढचे अकरा दिवस त्या सगळ्या पुन्हा तपासल्या. नवा नियम असा केला की प्रत्येक पट्टीसाठी दोन वेगळे पुरावे हवेत, त्यांतला एक तरी टोकापासून टोकापर्यंत पाहिलेला मार्ग किंवा व्हॉल्व्ह क्षणभर फिरवल्यावर दाबमापकात वा प्रवाहात दिसलेला बदल, आणि वहीत दोन माणसांच्या सह्या. बाकीच्या चाळीस बरोबर निघाल्या, पण ते अकरा दिवस मी त्या कामात कोणाशी धड बोलले नाही.

ऑगस्टात व्हॉल्व्ह-तक्ता तयार केला. क्रमांक, माप, प्रकार, जागा, कशासाठी, नेहमी उघडा की बंद, आणि शेवटच्या रकान्यात ‘विशेष’. या रकान्याबद्दल साहेबांना शंका होती, पण माझ्या मते तक्त्याचा जीव तिथेच आहे. अर्धा आटा, आधी ड्रेन, पाव आटा थांबा, हे सगळे काकांच्या शब्दांत तिथे उतरले. एक प्रत बॉयलर-घराच्या दाराशी, एक लाँड्रीत, एक नियंत्रण कक्षात, प्रत्येकीवर सुधारणा क्रमांक आणि तारीख. काम करताना व्हॉल्व्हला कुलूप आणि धोक्याची चिठ्ठी लावण्याची पद्धत पट्ट्या लागल्यानंतरही तशीच चालू ठेवली आहे. पट्टी पाहून कुलूप टाळणारे दोघे ऑगस्टमध्येच सापडले, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

३१ ऑगस्ट, शनिवार, हा काकांचा शेवटचा दिवस होता. नारळ, शाल, केक असे सगळे दुपारी वर झाले. संध्याकाळी ते एकटेच खाली आले, तक्ता शेवटपर्यंत वाचला, आणि एस-३०४ च्या पुढे ‘नेहमी बंद’ लिहिले आहे ते पावसाळ्यात ‘किंचित उघडा’ असावे, असे सांगून गेले. मी ते पेन्सिलीने नोंदवले. २४ सप्टेंबरला तपासनिसाने येऊन वीस व्हॉल्व्ह स्वतः निवडले, तक्त्याशी ताडून पाहिले आणि ‘पूर्तता झाली’ असा शेरा दिला. त्याला पंचवीस मिनिटे लागली.

त्याआधी १९ सप्टेंबरला स्वयंपाकघराच्या लाइनवर एक नवा ट्रॅप बसवला आणि त्याच्या अलीकडे एक व्हॉल्व्ह वाढला. मी ६५० रुपयांचा अक्षरठोकणीचा संच मागवून ठेवला होता, आणि यावेळी तो मुकाट्याने ‘सुरक्षा साहित्या’त टाकला होता. छत्तीस कोऱ्या बिल्ल्यांतला पहिला काढला, डिसेंबरात बादली लावून बसलेल्या त्याच अटेंडंटने ऐरणीवर ठेवून एस-३१४ ठोकला, आणि तक्त्यावर सुधारणा क्रमांक एक पडला. चारचा आकडा थोडा तिरका उमटला आहे.